फॉक्सप्रोच्या रिपोर्ट प्रोग्रॅममधले कंट्रोल कमांड आणि व्हेरिएबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातल्या काही पतसंस्था, सौहार्द संस्था आणि दूध डेअऱ्यांचे फॉक्सप्रोतले (नोंदी साठवून त्यांचे रिपोर्ट काढायचं जुनं सॉफ्टवेअर) जुने प्रोग्रॅम मी सांभाळतो. मार्चअखेर जवळ आली की फोन सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. कमांड फोनवर सांगतो तशा उच्चाराने देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच घाला.

१. फॉक्सप्रो बंद झालंय म्हणतात. मग आता हे शिकून काय उपयोग?

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स कंपनी घेतली, शेवटची आवृत्ती व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ डिसेंबर २००४ मध्ये आली आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने हात वर केले. पण बंद झालं म्हणजे नवीन काही येणार नाही, एवढंच. ९ ची आवृत्ती ६४-बिट विंडोजवरही चालते. डॉसचं २.६ मात्र तिथे चालत नाही, त्याला डॉसबॉक्स (डॉसचे प्रोग्रॅम चालवून देणारं सॉफ्टवेअर) लागतो. एका टेबलला (नोंदींच्या तक्त्याला) दोन जीबीची मर्यादा आहे, ती गावच्या सोसायटीला सहसा आड येत नाही. नवीन सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण दोन्हीकडची तेरीज (ट्रायल बॅलन्स) सलग दोन-तीन महिने जुळेपर्यंत जुनं सोडू नका. आणि जुळवायची तर जुना रिपोर्ट आकडा कुठून काढतो ते कळायला हवं.

२. कंट्रोल कमांड म्हणजे नक्की कुठल्या?

प्रोग्रॅम ओळीमागून ओळ चालत असतो, त्याची वाट बदलणाऱ्या. निवड करायला इफ–एंडइफ आणि डू केस–एंडकेस. पुन्हा पुन्हा करायला स्कॅन–एंडस्कॅन, डू व्हाइल–एंडडू आणि फॉर–एंडफॉर. लूपमधून बाहेर पडायला एक्झिट, उरलेल्या ओळी सोडून पुढच्या फेरीला जायला लूप. चूक झाली तर सावरायला ऑन एरर, आणि आवृत्ती ८ पासून ट्राय–कॅच. रिपोर्टचं नव्वद टक्के काम स्कॅन आणि इफवर भागतं.

३. रिपोर्ट काढायला गेलं की मशीन हँग होतं. की दाबली तरी हलत नाही. काय करू?

मशीन हँग नसतं, डू व्हाइलमध्ये स्किप लिहायचं राहिलेलं असतं. डू व्हाइल रेकॉर्ड (टेबलातली एक नोंद) आपणहून पुढे सरकवत नाही, त्यामुळे पहिल्याच सभासदावर तो गोल गोल फिरत राहतो. सेट एस्केप ऑन असेल तर एस्केप दाबून बाहेर या. आणखी एक जागा तपासा: स्किप आहे, पण इफच्या आत आहे. अट जुळली तरच पुढे, नाहीतर तिथेच मुक्काम. लूप कमांडच्या खाली राहिलेल्या स्किपचंही तेच होतं.

स्कॅन स्वतः पुढे सरकतो. शिवाय मध्येच दुसरं टेबल सिलेक्ट केलंत तरी एंडस्कॅनला तो आपल्या टेबलवर परत येतो. डू व्हाइल येत नाही. म्हणून साध्या यादीला स्कॅनच वापरा. अपवाद प्रश्न ८ मध्ये.

४. स्कॅन फॉर आणि स्कॅन व्हाइल एकच ना?

नाही. फॉर सगळं टेबल चाळतो आणि जुळतील ते घेतो. व्हाइल आहे तिथून सुरू करतो आणि पहिलं न जुळणारं रेकॉर्ड आलं की थांबतो. इंडेक्स लावून (नोंदी क्रमाने घेऊन), सीक करून (हवी ती नोंद शोधून) मग व्हाइल लावला तर मोठ्या टेबलवर फार वेळ वाचतो. इंडेक्स न लावता व्हाइल लावला तर चार ओळींचा रिपोर्ट येतो आणि बाकीचे सभासद कुठे गेले म्हणून फोन येतो.

५. व्हेरिएबल पब्लिक, प्रायव्हेट, लोकल यातलं कधी काय घ्यायचं?

व्हेरिएबल म्हणजे आकडा किंवा मजकूर तात्पुरता ठेवायची, नाव दिलेली जागा. लोकल फक्त त्याच प्रोसीजरमध्ये (प्रोग्रॅमच्या वेगळ्या तुकड्यात) दिसतो. प्रायव्हेट त्या प्रोसीजरला आणि तिने बोलावलेल्या सगळ्यांना दिसतो. पब्लिक सगळीकडे दिसतो आणि प्रोग्रॅम संपला तरी मागे राहतो. काहीच न सांगता नुसती किंमत घातली की तो प्रायव्हेट होतो. डॉसच्या २.६ मध्ये लोकल नाहीच.

माझा रिवाज असा: मोजणीचे आकडे लोकल, रिपोर्ट फॉर्मवर छापायचं संस्थेचं नाव, पासून-पर्यंतच्या तारखा हे सगळं प्रायव्हेट, पब्लिक जवळजवळ शून्य. पब्लिकने घात होतो तो असा की सकाळी काढलेल्या रिपोर्टची बेरीज त्यात पडून राहते आणि दुपारच्या रिपोर्टमध्ये मिसळते. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं की सगळं बरोबर येतं, आणि चूक सापडतच नाही.

न सांगता झालेल्या प्रायव्हेटचा घात वेगळा. मुख्य प्रोग्रॅममध्ये फॉर लूपचा मोजक आय, आणि त्याने बोलावलेल्या व्याजाच्या प्रोसीजरमध्येही आय. आतल्याने बाहेरचा आय बारावर नेऊन ठेवला की बाहेरची फेरी मधले महिने गाळते. आतल्या प्रोसीजरच्या पहिल्याच ओळीत लोकल आय लिहा, मिटलं.

एक बारीक गोष्ट: लोकल किंवा पब्लिक म्हणून नुसतं जाहीर केलेल्या व्हेरिएबलमध्ये शून्य नसतं, फॉल्स असतो. त्यात रक्कम मिळवायला गेलात की प्रकार जुळत नाही म्हणून एरर मारतो. जाहीर केल्यावर लगेच शून्य घाला.

६. सर, यादीत सगळ्यांच्या रकमा बरोबर आहेत, पण खाली एकूण शून्य येतंय. असं कसं हो?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा, म्हणून सावकाश पाहू. एका डेअरीच्या बिलाचा प्रोग्रॅम असा होता:

एकूण = ०
स्कॅन
एकूण = एकूण + लिटर * दर
एंडस्कॅन
? एकूण

वाचायला निर्दोष. पण टेबलात एकूण नावाचा कॉलमही होता, प्रत्येक ओळीची रक्कम साठवलेला. कॉलम आणि व्हेरिएबल यांचं नाव एक असेल तर वाचताना फॉक्सप्रो आधी कॉलम घेतो. लिहिताना मात्र बरोबरच्या चिन्हाने व्हेरिएबलच भरला जातो, कॉलम भरायला रिप्लेस लागतो. म्हणजे डावीकडचा एकूण वेगळा आणि उजवीकडचा वेगळा.

तीन ओळी घ्या: ६ लिटर ३० रुपयांनी १८०, ४ लिटर ३२ रुपयांनी १२८, ५ लिटर ३० रुपयांनी १५०. खरी बेरीज ४५८. प्रोग्रॅमने काय केलं? प्रत्येक फेरीत त्या ओळीच्या कॉलममधली रक्कम घेतली, तीत तीच रक्कम पुन्हा मिळवली. आधीची बेरीज त्याने वाचलीच नाही. शेवटच्या ओळीला १५० अधिक १५०, म्हणून व्हेरिएबलमध्ये ३०० राहिले. आणि छापताना? स्कॅन संपल्यावर टेबल शेवटच्या ओळीच्याही पलीकडे उभं असतं, तिथे कॉलम रिकामा, म्हणून कागदावर शून्य.

उपाय दोन अक्षरांचा. व्हेरिएबलच्या आधी एम आणि टिंब लावा: एम.एकूण = एम.एकूण + लिटर * दर, आणि छापतानाही एम.एकूण. मी तर व्हेरिएबलला कॉलमचं नाव देतच नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम दुरुस्त करताना एम. लावणं सर्वांत सुरक्षित.

७. पिग्मी एजंटवार रिपोर्टमध्ये पहिल्या एजंटची बेरीज बरोबर, दुसऱ्यापासून फुगत जाते.

बेरजेचा व्हेरिएबल एजंट बदलल्यावर शून्य होत नाही. पहिल्याचे १२,४०० आणि दुसऱ्याचे ९,१५० असतील तर दुसऱ्यापुढे २१,५५० दिसतात. प्रोग्रॅमने छापत असाल तर शून्य घालायची ओळ बाहेरच्या लूपच्या आत, पण आतल्या लूपच्या आधी हवी. रिपोर्ट डिझायनर वापरत असाल तर रिपोर्ट व्हेरिएबल उघडा आणि रीसेट कुठे ते पाहा. तिथे रिपोर्टचा शेवट असेल तर एजंटचा ग्रुप निवडा. अख्ख्या संस्थेची बेरीजही हवी असेल तर दुसरा व्हेरिएबल करा, एकाच व्हेरिएबलवर दोन्ही भागवू नका. एका व्हेरिएबलमध्ये दुसऱ्याची किंमत वापरली असेल तर यादीतला क्रमही महत्त्वाचा, वरून खाली त्याच क्रमाने मोजले जातात.

पिग्मी आपल्याकडची म्हणून सांगतो, १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने ती सुरू केली. दारोदार रोजची चिल्लर गोळा करण्याच्या त्या पद्धतीमुळेच आपल्या रिपोर्टांना एजंटवार ग्रुप लागतो.

८. एजंटवार यादीत प्रत्येक एजंटचं पहिलं खातं छापलंच जात नाही. पहिल्या एजंटचं तेवढं येतं.

एका संस्थेत अकरा एजंट होते आणि बरोबर दहा खाती गायब होती. अकराला दहा, या हिशेबातच उत्तर होतं. स्कॅनच्या आत त्याच टेबलवर दुसरा स्कॅन व्हाइल लावला होता. आतला स्कॅन पुढच्या एजंटच्या पहिल्या खात्यावर येऊन थांबतो. मग बाहेरचा एंडस्कॅन नेहमीप्रमाणे एक पाऊल पुढे टाकतो आणि ते खातं पायाखालून जातं. ज्या एजंटचं एकच खातं, तो अख्खा एजंट गायब.

बाहेर डू व्हाइल ठेवा, त्यात स्किप लिहू नका, पुढे सरकण्याचं काम आतल्याला करू द्या:

डू व्हाइल .नॉट. ईओएफ()
एम.चालू = एजंट
एम.बेरीज = ०
स्कॅन व्हाइल एजंट = एम.चालू
एम.बेरीज = एम.बेरीज + रक्कम
एंडस्कॅन
? एम.चालू, एम.बेरीज
एंडडू

सुरू करण्याआधी एजंटचा इंडेक्स लावा आणि गो टॉप करा. प्रश्न ३ मध्ये स्किप नाही म्हणून फटका बसला होता, इथे स्किप घातली तर बसेल. हे मलाही पहिल्यांदा पचायला दिवस गेला होता.

९. गाववार रिपोर्टमध्ये एकच गाव तीन-तीनदा येतं.

डेटा गावाप्रमाणे लावलेला नाही. ग्रुप फक्त बदल बघतो: गळतगा, मग बोरगाव, मग पुन्हा गळतगा आलं तर त्याच्या दृष्टीने तीन गावं. ग्रुपवर जे लिहिलंय त्याच्यावरच इंडेक्स लावा. लावूनही आलं तर प्रश्न १६ पाहा.

१०. म्हशीच्या दुधालाही गाईचा दर लागतोय. डू केस तर बरोबर लिहिलंय.

अटी बरोबर असतील, क्रम चुकलाय. डू केस वरून खाली बघत येतो आणि पहिली खरी अट मिळाली की बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. वर फॅट ३.५ किंवा जास्त आणि खाली फॅट ६ किंवा जास्त असं लिहिलं तर साडेसहा फॅटचं दूध पहिल्याच अटीत अडकतं. मोठा आकडा वर घ्या. आणि अदरवाइज (कुठलीच अट जुळली नाही तर काय) सोडू नका. मशीनने फॅट वाचलंच नाही आणि शून्य पडलं तर तिथे दर शून्य करून ओळीपुढे खूण छापा, म्हणजे उत्पादक दारात यायच्या आत तुम्हाला कळेल.

११. बारा नंबरचं खातं मागितलं तर १२०, १२१, १२५ पण छापून येतात.

खाते क्रमांक अक्षरांच्या कॉलममध्ये आहे आणि सेट एक्झॅक्ट ऑफ आहे. अशा वेळी एकच बरोबरचं चिन्ह फक्त सुरुवात जुळते का ते बघतं. दोन बरोबरची चिन्हं वापरा, पण मग कॉलममागच्या रिकाम्या जागाही मोजल्या जातात, म्हणून ऑलट्रिम() लावून तुलना करा. एसक्यूएल सिलेक्टला सेट एक्झॅक्ट लागू होत नाही, तिथे सेट अँसी बघतो.

१२. रकमेच्या जागी नुसते तारेच येतेत.

चौकट अरुंद आहे. आकडा मावला नाही की फॉक्सप्रो अर्धवट छापत नाही, तारे छापतो, आणि ते बरंच करतो. रिपोर्टमध्ये ती चौकट रुंद करा. स्वल्पविराम आणि दशांश चिन्हालाही जागा लागते.

१३. व्याजाच्या यादीची बेरीज हाताने केली तर एक रुपया फरक येतो. ऑडिटर ऐकत नाहीत.

त्यांचं बरोबर आहे. तिघांचं व्याज १०.४० असेल आणि छापताना रुपयांतच छापलं तर कागदावर दहा-दहा-दहा दिसतात, पण आत बेरीज ३१.२० होते आणि ३१ छापते. वाचणारा ३० म्हणणारच. बेरजेत मिळवण्याआधी प्रत्येक ओळीला राउंड() लावा, तीच गोलाकार रक्कम खात्यातही जमा करा, आणि खाली तिचीच बेरीज घ्या. चौकटीच्या फॉरमॅटवर विसंबू नका, तो फक्त दाखवायला असतो.

१४. महिन्याच्या तिसऱ्या बिलाची शेवटची तारीख प्रोग्रॅमने कशी काढायची?

मी ज्या डेअऱ्या पाहतो तिथे दहा-दहा दिवसांची बिलं आहेत: १ ते १०, ११ ते २०, २१ ते अखेर. त्या अखेरसाठी लोक महिन्यांचा इफचा डोंगर रचतात. एका ठिकाणी फेब्रुवारीला २८ असं ठोकून लिहिलेलं होतं, त्यामुळे २९ फेब्रुवारी २०२४ चं दूध कुठल्याच बिलात आलं नाही. महिन्याची पहिली तारीख घ्या, गोमंथ() ने एक महिना पुढे जा आणि एक दिवस वजा करा. लीप वर्षही त्यातच येतं.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सेट डेट ब्रिटिश आणि सेट सेंच्युरी ऑन हवंच. नाहीतर ३ एप्रिल टाकलं की ४ मार्च समजलं जातं, आणि १२ तारखेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

१५. काढून टाकलेले सभासद फॉर्मवरून रिपोर्ट काढला की परत येतात. कमांड विंडोतून काढला की येत नाहीत.

डिलीट केलेलं रेकॉर्ड पॅक करेपर्यंत (कायमचं काढेपर्यंत) टेबलात असतंच, त्यावर नुसती खूण असते. सेट डिलीटेड ऑन असेल तर ते लपतं. पण फॉर्मला स्वतःचं प्रायव्हेट डेटा सेशन दिलं असेल तर तिथे ही सेटिंग पुन्हा मूळ अवस्थेत, म्हणजे ऑफ जाते. सेट एक्झॅक्ट, सेट डेट, सेट सेंच्युरी, सेट टॉक यांचंही तसंच. सगळ्या सेट कमांडची एक छोटी प्रोसीजर करा आणि फॉर्मच्या लोडमध्ये तिला बोलवा.

१६. अण्णा, जिल्हावार गोषवाऱ्यात आपला जिल्हा दोनदा येतोय. इंडेक्स लावलाय.

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या सभासदांपुढे बेळगाव, नंतरच्यांपुढे बेळगावी, आणि दोन्ही इंग्रजी स्पेलिंगमध्ये. घरात आपण काय म्हणतो तो विषय वेगळा, फॉक्सप्रोला ते दोन जिल्हेच. जुन्या नोंदी बदलू नका, पूर्वीच्या पासबुकांशी मेळ राहत नाही. एक छोटं फंक्शन लिहा: आत डू केस, इनलिस्ट() मध्ये सगळी जुनी-नवी स्पेलिंगं, बाहेर एक जिल्हा कोड. इंडेक्स आणि ग्रुप दोन्ही त्या फंक्शनवर लावा. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडचे सभासद असतात, त्यामुळे कोल्हापूरचा कोडही आताच करून ठेवा.

१७. सभासदांची कन्नड नावं रिपोर्टमध्ये विचित्रच छापतात. मराठी नावांचंही तसंच. फॉन्ट तर तोच आहे.

व्हिज्युअल फॉक्सप्रो युनिकोडमधली नावं सरळ हाताळत नाही. म्हणून आपल्याकडे कन्नड नावं जुन्या नुडी फॉन्टात आणि मराठी नावं तसल्याच जुन्या फॉन्टात भरली गेली. त्यात दिसतं कन्नड किंवा देवनागरी, पण साठतात इंग्रजी अक्षरांचे कोड. कुणीतरी प्रोग्रॅममध्ये नावावर अप्पर() लावलेलं असणार. त्याने कोडमधली लहान अक्षरं मोठी केली आणि नावातली अर्धी अक्षरं बदलली. लेफ्ट() ने नाव कापलं तर शेवटची वेलांटी किंवा काना एकटाच मागे राहतो. प्रॉपर() चंही तेच. ऑलट्रिम() ने काही बिघडत नाही.

अशा कॉलमवर इंडेक्स लावून अकारविल्हे यादीही मिळणार नाही, ती कोडांच्या क्रमाने येईल. वेगळा कॉलम करून त्यात नाव इंग्रजीत भरा आणि क्रम त्याच्यावर लावा.

१८. फाइलचं नाव व्हेरिएबलमध्ये आहे. यूज कमांडला अँपरसँड (&) लावायचा की कंस?

कंस. यूज (फाइल) असं लिहिलं की नावात मोकळी जागा असली तरी चालतं आणि ते वेगवानही आहे. अँपरसँडचा मॅक्रो राखून ठेवा अशा जागी, जिथे अख्खी अट व्हेरिएबलमध्ये येते, जसं स्कॅन फॉर नंतर वापरणाऱ्याने निवडलेली अट. मॅक्रोच्या पाठीमागे लगेच अक्षरं येणार असतील तर मध्ये टिंब द्या, नाव कुठे संपलं ते त्यानेच कळतं. आणि चुकून दोन अँपरसँड पडले तर पुढची सगळी ओळ शेरा समजली जाते, एररसुद्धा येत नाही.

१९. १० पैकी पान १ असं छापता येईल का?

आवृत्ती ९ मध्ये _पेजनो बरोबर _पेजटोटल आहे. त्याआधीच्या आवृत्तीत रिपोर्ट एकदा न छापता फिरवून पानं मोजावी लागतात.

२०. व्याज लावायचा प्रोग्रॅम काही खात्यांना दोनदा व्याज लावतो, सगळ्यांना नाही. हे कसं शोधायचं?

सेट ऑर्डरवर बघा. बाकी (खात्यातली शिल्लक) या कॉलमवर इंडेक्स चालू आहे आणि स्कॅनमध्ये त्याच बाकीला रिप्लेस करताय. व्याज मिळवलं की बाकी वाढली, इंडेक्समध्ये खातं खाली सरकलं, आणि स्कॅन पुढे गेल्यावर तेच खातं पुन्हा समोर आलं. शेजारच्या खात्याची बाकी फार पुढे असेल तर ते सरकत नाही, म्हणून सगळ्यांना होत नाही. स्कॅनच्या आधी सेट ऑर्डर टू एवढंच लिहून इंडेक्स सोडा. व्याज दोनदा लागलेली खाती शोधायची असतील तर कालच्या बॅकअपमधलं टेबल दुसऱ्या नावाने उघडा, खाते क्रमांकाने जोडा आणि फरक एका व्याजापेक्षा जास्त असलेली तेवढी छापा. त्या छापील यादीवर मॅनेजरची सही घेऊन मगच उलट नोंदी करा.